माझ्या जागी स्क्रिप्ट

३ मार्च, सोमवार

रजेचं विचारलं. साहेबांनी नाही म्हटलं नाही, पण हो पण म्हटलं नाही. म्हणाले, आठ दिवस जायला माझी काही हरकत नाही, फक्त तुमच्या जागी काम कोण करणार ते सांगा. मी म्हटलं, माझ्या जागी हे काम कोणालाच जमणार नाही. वाटलं, हे ऐकून त्यांना माझी किंमत कळेल. कळली असावी, कारण ते म्हणाले, मग तर तुम्ही जाऊच नका.

बोलून बसलो खरा. पण त्यात खोटं काय आहे? आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. मेकॅनिक गावभर फिरून लिफ्ट तपासतात आणि जागेवरच टॅबमध्ये रिपोर्ट भरतात. तो माझ्या कॉम्प्युटरवर येतो तेव्हा फाइलीचं नाव म्हणजे नुसती आकड्यांची आगगाडी असते. त्यातून लिफ्टचा नंबर हुडकायचा, तो पुढे आणायचा, तारीख मागे टाकायची आणि फाइल त्या त्या इमारतीच्या फोल्डरमध्ये ठेवायची. अशा शेकड्यांनी फाइली. गेली सोळा वर्षं, आधी कागदावर आणि आता कॉम्प्युटरवर, हे मीच करतोय. त्याला नजर लागते, आणि ती सगळ्यांना नसते.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, ताईचं घर विकलं गेलंय, पुढच्या महिन्यात ताबा द्यायचाय, समुद्राकाठी राहायला मिळण्याची ही शेवटची वेळ. अठ्ठावीसची दोन तिकिटं काढली आहेत, यायचं तर या. आवाज नेहमीचा नव्हता. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा कुठे गेलो असू तर याच घरी. मलाही जायचंय, अगदी मनापासून जायचंय. हे तिला सांगायचं राहून गेलं.

४ मार्च, मंगळवार

उपाय सापडला!

डबा खाताना मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. एक गृहस्थ सांगत होते की जे काम माणूस रोज त्याच त्या पद्धतीने करतो, ते कॉम्प्युटर आपणहून करू शकतो. थोड्या ओळी लिहायच्या, बस्स. त्या ओळींना स्क्रिप्ट म्हणतात. म्हणजे माझ्या जागी कोण, या प्रश्नाचं उत्तर मीच. फक्त लेखी स्वरूपात.

संकल्प: पंधरा तारखेच्या आत स्क्रिप्ट तयार. वीसला साहेबांपुढे प्रात्यक्षिक. अठ्ठावीसला गाडीत.

हिला म्हटलं, माझं तिकीट रद्द करू नकोस. ती म्हणाली, मी कुठे करतेय.

९ मार्च, रविवार

घरच्या लॅपटॉपवर स्क्रिप्ट चालली. चालली!! आधी खोट्या फाइली तयार केल्या, मग एक कळ दाबली. काळ्या खिडकीत अक्षरं सरसर धावली आणि सगळ्यांची नावं बदलून फाइली ज्या त्या फोल्डरमध्ये. हिला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं. तिने हात पुसत पुसत पाहिलं आणि विचारलं, दिवसभर हे एवढंच करता का तुम्ही? प्रश्न कौतुकाचा असावा.

स्क्रिप्टला साधी आज्ञा दिली आहे: डॉक्युमेंट्समध्ये जे काही असेल ते सगळं घे, नाव बदल, जागेवर ठेव. माझ्या डॉक्युमेंट्समध्ये रिपोर्टांशिवाय काही नसतंच. जिची इमारत सापडणार नाही अशा फाइलीसाठी एक वेगळा फोल्डरही करून ठेवला. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. सगळ्यात वर माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि 'सर्व हक्क राखीव' असं टाकलं. उद्या कोणी श्रेय लाटायला नको.

१० मार्च, सोमवार

ऑफिसात पेनड्राइव्ह लावला. कॉम्प्युटरने ओळखच दाखवली नाही. कंपनीत पेनड्राइव्ह बंद आहेत म्हणे. मग घरच्या पत्त्यावरून स्वतःलाच ईमेल केली. ईमेल आली, पण जोडलेली फाइल गायब, आणि वर सूचना की धोकादायक वस्तू आढळल्याने नष्ट करण्यात आली आहे. माझी आठवडाभराची मेहनत, धोकादायक वस्तू!

ठीक आहे. उद्या कागदावर उतरवून आणतो आणि हाताने टाइप करतो. माझं काही अडत नाही.

११ मार्च, मंगळवार

अडलं. टाइप झाली, पण काळी खिडकी उघडतच नाही. उघडायला गेलं की पाटी येते: ही सोय तुमच्या प्रशासकाने बंद केली आहे. 'तुमच्या' म्हणे. इतकी वर्षं इथे बसतोय, माझा प्रशासक कोण हे मला आज पहिल्यांदा विचारावं लागलं. साहेबांकडे गेलो, तर ते म्हणाले त्यांच्या कॉम्प्युटरवरही हीच पाटी येते. जरा बरं वाटलं.

काळीसारखी एक निळी खिडकीही असते, असं व्हिडिओतल्या गृहस्थांकडून कळलं. ती उघडली! स्क्रिप्ट चालवली. तांबड्या अक्षरांत उत्तर आलं: या यंत्रावर स्क्रिप्ट चालवायला मनाई आहे. घरात घ्यायचं आणि बसायला सांगायचं नाही, असला हा प्रकार.

शेवटी स्क्रिप्टच्या फाइलीचं नाव बदलून ती साध्या मजकुराची फाइल केली. ती मात्र एका फटक्यात उघडली. चालली नाही, पण उघडली. प्रगती आहे.

१२ मार्च, बुधवार

वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर विभागात गेलो. तिथल्या माणसाला सगळे तिकीटमास्तर म्हणतात, कारण त्याला काहीही विचारा, तो म्हणतो, तिकीट टाका. म्हणजे कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवा, मग बघू. मी म्हटलं, मी समोर उभा आहे, तोंडानेच सांगतो ना. तो स्क्रीनकडे बघून म्हणाला, सिस्टिममध्ये तुम्ही उभे दिसत नाही.

खाली येऊन तिकीट टाकलं. तक्रारीचा प्रकार निवडायचा होता. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, इतर. 'इतर' दाबलं की पान पुन्हा पहिल्यापासून सुरू. चारदा भरल्यावर हात टेकले आणि 'प्रिंटर' निवडलं. खाली सगळं सविस्तर लिहिलं. रजेचं, समुद्राचं, मेहुणीच्या घराचंसुद्धा. वाचणारा माणूसच असेल शेवटी.

१३ मार्च, गुरुवार

प्रिंटरवाला आला. प्रिंटर उघडला, आतून पुसला, बंद केला. मी त्याला स्क्रिप्टचं सांगायला लागलो तर म्हणाला, साहेब, मी फक्त शाईचं बघतो. प्रिंटर आता उत्तम चालतोय. आधीही उत्तमच चालत होता.

माझ्या समोरच्या टेबलावर ज्या बाई बसतात, त्यांच्याकडे लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांचे फोन येतात. दिवसभर एकाच शांत सुरात सांगत असतात, घाबरू नका, कुठलंही बटण दाबू नका, माणूस निघालाय. त्यांनी आज विचारलं, तुमची कसली एवढी धावपळ चाललीय? मी म्हटलं, तांत्रिक आहे. त्या म्हणाल्या, फोन नसले की मी रिकामीच असते, काही लागलं तर सांगा. मी नुसता हसलो. समजावत कुठे बसणार!

१७ मार्च, सोमवार

तिकीट बंद झालं. शेरा: 'समस्या सुटली. प्रिंटर सुस्थितीत.' पाठोपाठ ईमेल, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? चिडून एक दिला. एक तारा दिल्यामुळे सिस्टिमने आपणहून दुसरं तिकीट उघडलं आणि दुपारी पुन्हा प्रिंटरवाला हजर. आता आमची चांगली ओळख झाली आहे. त्याला गुडघ्याचा त्रास आहे.

पंधरा तारीख उलटली. पण संकल्पात स्क्रिप्ट 'तयार' म्हटलं होतं, 'चालू' म्हटलेलं नव्हतं. तयार ती नऊ तारखेलाच होती. म्हणजे संकल्प मुदतीच्या आधीच पुरा झाला.

१८ मार्च, मंगळवार

हिने माळ्यावरून बॅग काढली. विचारलं, तुमचे कपडे भरू का? मी म्हटलं, भर. माझा आवाज ठाम होता असं मला वाटतं.

साहेबांनीही विचारलं, मिळालं का कोणी तुमच्या जागी? मी म्हटलं, मिळालंय, पण आत येऊ देत नाहीत. त्यांना वाटलं वॉचमन अडवतोय. म्हणाले, मी गेटवर सांगून ठेवतो. त्यांचा चेहरा इतका मदतीचा होता की खुलासा करवेना.

२० मार्च, गुरुवार

प्रात्यक्षिकाचा दिवस. प्रात्यक्षिक पुढे ढकललं.

आज फार वाईट वाटलं. हा कॉम्प्युटर मी रोज सकाळी स्वतःच्या रुमालाने पुसतो. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. आणि तो माझं एक साधं काम ऐकत नाही. स्क्रीनकडे बघत बसलो तर कानाशी आवाज आला, घाबरू नका, माणूस निघालाय. क्षणभर वाटलं मलाच सांगतायत. बाई फोनवर होत्या.

२१ मार्च, शुक्रवार

ट्यूब पेटली!

सकाळी पासवर्ड टाकला की स्क्रीनवर एक काळी खिडकी क्षणभर लुकलुकते आणि नाहीशी होते. कित्येक वर्षं बघतोय, कधी विचार केला नाही. आज केला. काळी खिडकी लुकलुकते म्हणजे या कॉम्प्युटरवर कोणाची तरी स्क्रिप्ट रोज चालतेय. म्हणजे मनाई स्क्रिप्टला नाहीच. मनाई मला आहे. असा संताप आला की चहा तसाच गार झाला.

मोबाइल समोर धरून तिचं चित्रण केलं आणि घरी येऊन मुंगीच्या पावलांनी पुढे सरकवत बघितलं. एका फोल्डरचा पत्ता स्पष्ट वाचता येतोय. ही म्हणाली, ऑफिसातल्या स्क्रीनचे व्हिडिओ काढून घरी बघता, आता तुम्हाला खरंच समुद्राची गरज आहे.

२४ मार्च, सोमवार

तो फोल्डर उघडला. आत एकच फाइल आणि तिच्यात पाच-सहा ओळी. घड्याळ लाव, प्रिंटर जोड, असलं काहीतरी किरकोळ. मी त्यांच्याखाली माझी स्क्रिप्ट चिकटवली आणि 'सेव्ह' दाबून डोळे मिटून घेतले. उघडले तर सेव्ह झालेली! पाटी नाही, मनाई नाही, प्रशासक नाही. पुढच्या दाराला इतकी कुलपं घालून मागचं दार उघडं टाकलं होतं शहाण्यांनी.

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. काळी खिडकी लुकलुकली, या वेळी अंमळ जास्तच रेंगाळली. आणि आजच्या सगळ्या फाइली नावं बदलून जिथल्या तिथे. मी एकाही फाइलीला बोट लावलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. बाई म्हणाल्या, काय झालं? मी म्हटलं, सर्दी.

साहेबांना जाऊन सांगितलं, माझ्या जागी व्यवस्था झाली, उद्यापासून रुजू. ते म्हणाले, मग जा बिनधास्त. रजा मंजूर! हिला फोन केला. ती म्हणाली, खरंच? मग म्हणाली, तुमचा निळा शर्ट इस्त्री करून ठेवते.

२५ मार्च, मंगळवार. सकाळी

ऑफिसात गोंधळ. हिशेब विभागातल्या फाइलींची नावं रात्रीतून उलटीपालटी झाली आहेत. कोणाला काही सापडत नाहीये. सगळे व्हायरस म्हणतायत. माझा एकट्याचा कॉम्प्युटर ठणठणीत. उलट आजच्या फाइली तर मी खुर्चीत नीट बसायच्या आत तयार. शेवटी ज्याची त्याची शिस्त असते. दोघा-तिघांना कॉम्प्युटरची निगा कशी राखावी हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

दुपारी

तिकीटमास्तर घाम पुसत खाली आला. आयुष्यात पहिल्यांदा तिकीट न मागता. सगळ्यांना म्हणाला, बंद करून पुन्हा सुरू करा. सगळ्यांनी केलं. नावं सरळ व्हायची ती आणखी उलटली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू, पुन्हा उलट. साहेबांच्या भाषणाच्या फाइलीचं नाव आता कुठल्याच भाषेत वाचता येत नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो 'अज्ञात इमारत' नावाच्या फोल्डरमध्ये सापडले. लोकांनी तिकिटं टाकली, तीही 'प्रिंटर'खाली, कारण 'इतर' चालत नाही. प्रिंटरवाला गुडघा धरून टेबलाटेबलाने फिरतोय.

'अज्ञात इमारत' हे नाव ओळखीचं वाटतंय. कुठेतरी वाचलंय.

दुपारीच, जरा वेळाने

वाचलं नाही. मी ठेवलंय ते नाव.

ती खिडकी फक्त माझ्याकडे लुकलुकत नाही, सगळ्यांकडे लुकलुकते. फाइल एकच आहे, सबंध ऑफिसची. जो कोणी कॉम्प्युटर सुरू करील त्याच्या डॉक्युमेंट्सवर माझी स्क्रिप्ट तुटून पडतेय, आणि तिकीटमास्तर सगळ्यांना पुन्हा पुन्हा सुरू करायला लावतोय. धावत ती फाइल काढायला गेलो. फोल्डर उघडेना. पाटी आली: तुमच्या प्रशासकाने प्रवेश बंद केला आहे. आज बंद केला! काल करायला काय झालं होतं त्याला?

संध्याकाळी

तिकीटमास्तराला स्क्रिप्ट सापडली. कोणी लिहिली हे शोधायला फारसा वेळ लागला नाही. पूर्ण नाव, हुद्दा, सर्व हक्क राखीव. सबंध ऑफिस माझ्याकडे वळून बघत होतं. मी कशासाठी कोण जाणे, माउस पकडला. समोरच्या बाई त्यांच्या त्या सुरात म्हणाल्या, घाबरू नका, कुठलंही बटण दाबू नका. या वेळी मात्र फोन खाली ठेवलेला होता.

२६ मार्च, बुधवार

साहेबांच्या केबिनमध्ये. साहेबांनी विचारलं, तुमच्या जागी रुजू होणारा माणूस कुठे आहे? मी म्हटलं, साहेब, तो हाच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मुलीच्या लग्नाचे फोटो पुन्हा नीट लावायला त्यांना सकाळपर्यंत बसावं लागलं होतं. चौकशी होईल. ती संपेपर्यंत कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, पण रोज हजर राहायचं, कारण केव्हाही बोलावतील. रजा अर्थातच रद्द.

बाहेर आलो. माझ्या फाइली बाई करत होत्या. साहेबांनी सांगितलं म्हणे. फोन आला की घेत होत्या, खाली ठेवला की पुढची फाइल. मी मागे उभा राहून बारीक लक्ष ठेवलं. चहा यायच्या आत सगळ्या संपल्या. एक चूक सापडली, ती गेल्या आठवड्यातली होती आणि माझी होती.

बाईंनी विचारलं, रजेचं याच कामासाठी अडलं होतं होय? अहो, मला सांगायचं ना, मी केलं असतं की आठ दिवस. त्या टोमणा मारत नव्हत्या. टोमणा मारला असता तर उत्तर देता आलं असतं.

सांगायला हवं होतं. दोन टेबलांमध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढीच जागा आहे. मी वरच्या मजल्यावर गेलो, वेबसाइटवर गेलो, कुठकुठल्या फोल्डरांत गेलो, पण त्या टेबलाशी गेलो नाही. एका अर्थी बरोबरच होतं. सांगितलं असतं तर हे काम कोणालाही जमतं असं सगळ्यांना वाटलं असतं.

२७ मार्च, गुरुवार

हिला सांगितलं की ऑफिसात एक मोठं तांत्रिक प्रकरण उद्भवलंय आणि त्याची संपूर्ण माहिती फक्त मला आहे, त्यामुळे मला सोडत नाहीयेत. यातला शब्द न् शब्द खरा आहे. ती म्हणाली, बरं. भांडली असती तर हलकं वाटलं असतं. तिने बॅग उघडली, माझे कपडे बाहेर काढून पलंगावर ठेवले आणि उरलेल्या जागेत तिच्या ताईसाठी घेतलेलं सामान भरलं. बॅग आता सहज बंद होते.

२८ मार्च, शुक्रवार

हिला गाडीत बसवून आलो. माझ्या जागेवर तिने पर्स ठेवली होती. मी म्हटलं, प्रकरण लवकर आटपलं तर मागून येतोच. तिने मान हलवली. गाडी सुटल्यावर तिथेच उभा राहिलो. पुढची गाडी सुटली तेव्हा निघालो.

३१ मार्च, सोमवार

चौकशीला अजून बोलावलं नाही. बंद स्क्रीनसमोर बसून असतो. तिच्यात माझाच चेहरा दिसतो, म्हणून दुपारनंतर खुर्ची जरा तिरकी केली. प्रिंटरवाला दोनदा येऊन बसून गेला. गुडघा आता बरा आहे.

संकल्प: चौकशीत ताठ मानेने बोलायचं. स्क्रिप्टमध्ये दोष नव्हता. तिने सांगितलं तेवढंच केलं. जरा जास्त ठिकाणी केलं, एवढंच.

२ एप्रिल, बुधवार

दुपारी हिचा फोन आला. मागे लाटांचा आवाज येत होता. म्हणाली, समुद्र होता तसाच आहे, आपण आलो होतो तेव्हाची ती पडवीतली खुर्चीसुद्धा आहे. ताबा रविवारी द्यायचाय, तोपर्यंत इथेच. मग विचारलं, तुम्ही जेवता ना वेळेवर? आणि तिथे काम कोण करतंय सगळं?

समोर बाई माझी आजची शेवटची फाइल जागेवर ठेवत होत्या.

काय झालं माझ्या जिभेला कोण जाणे. मी म्हटलं, स्क्रिप्ट करते. चालली एकदाची. आता सगळं आपोआप होतं, मी नुसता बसलेला असतो.

ती इतकी खुश झाली! किती दिवसांनी तिचा तसा आवाज ऐकला. म्हणाली, अहो, मग या ना. रविवारपर्यंत घर आपलंच आहे. आज रात्री निघालात तरी तीन दिवस मिळतात.

मी खुर्ची आणखी तिरकी केली. ती म्हणाली, ऐकू येतंय का तुम्हाला?

सगळं ऐकू येत होतं, लाटासुद्धा. मी म्हटलं, तुझा आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला.